ओलाव्याचा रकाना

नेर, जि. यवतमाळ
दि. ५ फेब्रुवारी २०१२

चि. प्रियंका हिला मोठेबाबांचा सप्रेम जय भीम.

तुझं कुरियर पोचून आज अठरा दिवस झाले. कॉलेजासाठी लिहिलेल्या तुझ्या केस स्टडीची बत्तीस पानं, तुझं पत्र आणि ती केस वापरायला संमतीचा फॉर्म, सगळं मिळालं. उत्तराला उशीर झाला, राग धरू नको. तुझी मोठी आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण रविवारी विहारात जाणं चुकवत नाही. तूर निघाली. मीही बराच आहे म्हणायचं, फक्त थकवा जात नाही. सकाळी उठतो तेव्हाच दिवसभर राबल्यासारखं अंग जड असतं.

तुझे सर वाचतील म्हणून शुद्ध लिहायला बसलो आहे. जमेल तिथवर जमेल.

केस तीनदा वाचली. आपल्या नेरच्या जिनिंग सोसायटीवर पुण्याच्या मॅनेजमेंट कॉलेजातली पोरं दीड तास वाद घालतात, हे वाचून हसू आलं. तू किती नीट मांडलंस बेटा. भांडवलाची रचना, बँकेची कॅश क्रेडिट आणि संचालकांसमोरचे तीन पर्याय: आला तो सगळा कापूस घेऊन यंत्रं पूर्ण चालवायची, फक्त वाळलेला कापूस घेऊन आपल्या गाठी घेणारी कोइम्बतूरची गिरणी टिकवायची, नाहीतर जिनिंग व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायची. खरं सांगू, आम्हाला तेव्हा तीन पर्याय आहेत हेच माहीत नव्हतं. गिरणीनं मागच्या हंगामात ओल्या गाठी परत पाठवल्या होत्या. यंदा पुन्हा तसं झालं तर फाटकाला कुलूप, एवढंच कळत होतं.

तू विचारलेल्या दुरुस्त्या लिहितो. पान सातवर गाठी दाबायच्या प्रेस मशीन दोन लिहिल्या आहेत, एकच चालू होती. पान अकरावर चेअरमनला तू 'श्री. ब.' केलंस ते ठीक, पण मिशीचं वर्णन काढ. नेरमध्ये ते वाचून शेंबडं पोरही बबनराव म्हणून सांगेल. मला, मॅनेजरला, 'श्री. डी.' केलंस, चालेल. जिनिंग दोन हजार नऊला बंद झाली, दहाला नाही. आता तिथं वजनकाट्यावर गवत वाढलं आहे.

परिशिष्ट दोनचं मागाहून सांगतो.

पान चौदावर तू लिहिलंस, 'खरेदीच्या पहिल्याच दिवशी व्यवस्थापकांनी सख्ख्या भावाची गाडी ओली म्हणून परत पाठवली. या एका निर्णयानं धोरणावर सर्वांचा विश्वास बसला.' हे वाचून वर्गात टाळ्या वाजल्या, सरांनी फळ्यावर 'नेतृत्व' लिहिलं, असं तुझ्या पत्रात आहे. मोठ्या आईनं ते पत्र शेजारच्या बेबीताईला वाचून दाखवलं. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन बसलो.

मोठी आई विचारून राह्यली, फॉर्मवर सही काहून करत नाही? मी म्हटलं, इंग्रजी समजून घेऊन राह्यलो. सोपं इंग्रजी आहे ते.

आता परिशिष्ट दोन. पहिल्या पाच गाड्यांचा तक्ता. नाव, वजन, ओलावा, निर्णय. चार ओळी तू आमच्या रजिस्टरातून भरल्यास. तिसऱ्या ओळीत ओलाव्याचा रकाना रिकामा ठेवून पेन्सिलीनं लिहिलंस, 'मोठेबाबा, हा आकडा सापडला नाही, तुम्ही भरा.'

सापडणार नाही. मी तो लिहिलाच नव्हता.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गाड्यांची रांग एस.टी. स्टँडपर्यंत गेलती. तिसरा नंबर तुझ्या बाबाचा, संघदीपचा. त्याच्या मागं बबनरावांचा ट्रॅक्टर. त्याहीच्या कापसावर पाणी मारलेलं दुरूनच दिसे, वजन वाढावं म्हणून तेव्हा बरेच जण मारत. मले पडला प्रश्न, चेअरमनचा माल परत कोण्या तोंडानं पाठवू? मी वस्तीतून आलेला पहिला मॅनेजर. रांगेतून कोणीतरी बोललाच, 'आता पाहा, भावाचा माल कसा सरळ आत जाते.'

मी ओलावा मोजायच्या मीटरची सळई संघदीपच्या कापसात खुपसली. काट्याचं तोंड माझ्याकडं होतं. सात टक्के दाखवून राह्यला होता. आठच्या आतला कापूस आम्ही वाळलेला धरत होतो. मी मोठ्यानं म्हटलं, चौदा.

संघदीपनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं. म्हणाला, 'मशीन म्हणते तर असंन, दादा.' अन् बैलं वळवली.

मग बबनरावांच्या कापसात सळई घातली. तिथं खरेच चौदा होते. मी म्हटलं, परत न्या. ते काय बोलतीन? सख्ख्या भावाले सोडलं नाही तर त्याहीले कोण सोडते? त्या हंगामात ओली गाडी फाटकावर आली नाही. गिरणी टिकली, जिनिंग आणखी सहा वर्षं चालली, साठ घरांची चूल पेटत राह्यली. तुझी केस तिथं बरोबर आहे. ते धोरण जमलं.

संघदीपनं तो कापूस बाहेर पडेल भावात देला. पुढच्या साली कापूस लावलाच नाही. लहानपणापासून आम्ही दोघं दसऱ्याले एकाच एस.टी.नं दीक्षाभूमीवर जात होतो. तेव्हापासून तो पहाटेची गाडी धरते, मी दुपारची. भांडण नाही. समोर आला की 'जय भीम दादा' म्हणते अन् पुढं जाते. भांडला असता तर बरं झालं असतं. मले फार लाज वाटते पोरी, आठ वर्षं वाटून राह्यली.

काल फॉर्म घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. खरेदीच्या आठ दिवस आधी मी तुमच्या घरी आलतो. स्लॅबवर कापूस पसरला होता, अन् तू शाळा बुडवून बकऱ्या हाकलत होतीस. चौदा वर्षांची होतीस. मूठभर कापूस माझ्या हातात देऊन म्हणालीस, 'पाहा मोठेबाबा, कसा वाळला.'

त्या रकान्यातला आकडा तुले तेव्हापासूनच माहीत आहे. तरी तो तू मले भरायले पाठवला.

मी भरला आहे. सात. माझ्या अक्षरात, शाईनं. पान चौदा आता तसं राहू देऊ नको. सर म्हणतीन हे शिकवता येत नाही, तर नको शिकवू देत. शेवटी तू प्रश्न टाकला आहेस, 'व्यवस्थापकाच्या जागी तुम्ही काय केलं असतं?' पोराहीले विचार. मले अजून उत्तर येत नाही.

फॉर्मवर दुसऱ्या सहीची जागा आहे, संघदीपची. ती तू घेणार होतीस, आता मी घेतो. येत्या रविवारी हे पत्र घेऊन त्याच्या घरी जातो. आधी तो वाचीन, मगच टपालात पडंन. तुझ्या हातात हे आलं तर समज, त्यानं वाचलं.

तुझा, ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या तो,
मोठेबाबा धर्मपाल

ता. क. प्रियंका, वाचलं. काटा त्या दिवशी मलेही दिसला होता. सही केली आहे. दादा जेवून जाईन.
— बाबा