तुर्की बाई दर्यापूरले कशा पोचल्या

तीर्थरूप किसनमामांच्या पायांवर भाचा श्रावण डोकं ठेवतो, मामींच्याही. (तुर्की भाषेत मामाले 'दायी' म्हणतात. मायन्यात तेच लिहिणार होतो, पण मामी पत्र मोठ्यानं वाचतात. शेजारच्या बाया 'दाई' ऐकून पाळणा कवा म्हणून विचारत येतील, म्हणून आवरलं.) तुमचा गुडघा कसा आहे? अकोल्यात थंडी पडली असंन, त्याले फडकं बांधत जा. मी अमरावतीत बरा आहो.

तर मामा, मी काय शिकून राहिलो हे खरं तुमाले दोघायलेच माहीत आहे. बाबा अजूनही गावात सांगतात, पोरगा तुरीचं शिकून राहिला. प्रवेशाच्या दिवशी मी फोनवर 'तुर्की' म्हटलं, त्याइले रेंज नव्हती, अन् वावरात तूर उभी होती. आता दर सुट्टीत ते मले शेंगेतल्या अळीवर इलाज विचारतात, अन् मी तुर्की व्याकरणावर हात ठेवून 'फवारा, पण बेतानं' म्हणतो. वर्गात आमी दोघंच, मी अन् अकोल्याची गजाला. तिच्या घरी उर्दू, म्हणून किताब, कलम, दुनिया हे तुर्की शब्द तिले न शिकताच येतात. (मले त्यासाठी रट्टा मारावा लागते.) यंदा तोंडी परीक्षा झाली नाही तर वर्गच बंद, असं वरून आलं होतं. मंग मले गावी जाऊन खरीच तूर पाहावी लागली असती.

परीक्षेले खुद्द तुर्कस्तानातून सेवगी बाई येणार होत्या. त्याइचं तिकीट अकोल्यापर्यंतच होतं, म्हणून आणायले आमी दोघं तुमच्याच अकोल्याच्या स्टेशनावर गेलो. (घाईत तुमच्याकडं येणं झालं नाही.) ऑटो गजालाच्या चुलतभावाचा, गुलफामचा. बाई चांगल्या उंच, हातात सुवासिक पाण्याची भलीमोठी बाटली. (त्याले कोलोन्या म्हणतात. आपण गुलाबपाणी शिंपडतो तसं तिकडं पाहुण्याच्या हातावर ते ओततात.) बाईले ऑटोत बसवून आमी दोघं चहा आणायले गेलो. (एक जण पुरला असता, पण पहिलं तुर्की वाक्य कोण बोलणार याची दोघायलेही धास्ती होती.) गुलफामनं उगीच ऑटो चालू करून पाहिला. बाई दचकून म्हणाल्या, 'दुर!' तुर्कीत 'दुर' म्हणजे थांब. गुलफामले वाटलं, बाईले दूर जायचं आहे. त्यानं ऑटो काढला. बाई ओरडल्या, 'दुर! दुर!' त्यानं वेग वाढवला.

आमी हातात चहा घेऊन रिकाम्या जागेकडे पाहत उभे. गुलफाम फोन उचलेना. चहा गार झाला, गजाला रडायले आली, अन् मंग त्याचाच फोन आला. 'आपा, ये मॅडम को जाना कितना दूर है? दर्यापूर आ गया, पेट्रोल खतम हो गया, और ये अब भी दूरच बोल रही!'

'अरे, दुर मतलब रुक!' गजाला किंचाळली.

तिकडून आवाज आला, 'तो रुकाच हूँ ना.'

जीपमध्ये कोंबून घेऊन आमी दर्यापूर गाठलं. मले वाटलं, बाई रडत असतील. बाई रस्त्याकडेच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांमध्ये मांडी घालून बसल्या होत्या अन् एकेकीच्या ओंजळीत कोलोन्या ओतत होत्या. चतुराबाई नावाच्या मावशीनं डोळे मिटून ते तीर्थ म्हणून घेतलंही. 'माय व! कोन्या देवाचं तीर्थ हाय हे? नरडं सोलून काढलं!' बाईनं घाबरून तिले पाणी पाजलं, पाठ चोळली, अन् तवापासून दोघी एकमेकींचा हात सोडीनात.

निकाल त्याच दिवशी कळवायचा होता, म्हणून बाईनं तिथंच, वावराच्या धुऱ्यावर, परीक्षा मांडली. गजाला धडाधड बोलली. माझी पाळी आली अन् डोक्यातलं सारं तुर्की उडालं. तोंड धुतो म्हणून मी सरळ विहिरीकडे चालायले लागलो. मागून बाईच्या हाका, 'गेल! गेल!' (म्हणजे ये, ये.) अन् चतुराबाई त्याइची समजूत काढून राहिली, 'हो व माय, गेला. थो पाहा, चालला.'

'गेल!'

'गेला म्हनलं ना व! आता त्याले काय धरून आनू?'

मी परत आलो तं बाईनं विचारलं, तुर्की काहून शिकून राहिला? मामा, याचं सुंदर उत्तर पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मंग मोडक्या तुर्कीत जे खरं होतं तेच सांगितलं. म्हटलं, माझ्या बाबाले वाटते मी डाळ शिकतो. त्याइले खरं सांगायची हिंमत नाही, अन् ही भाषा सोडवत नाही. तिच्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येते, म्हणून भित्र्या माणसाले वाक्य संपेपर्यंत विचार बदलता येते. बाई एवढ्या हसल्या की धुऱ्यावर आडव्या झाल्या. उठल्यावर डोळे पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् मले पास केलं. वर्ग वाचला.

इकडली काळजी करू नका, गुडघ्याची करा.

तुमचा लाडका (मामी म्हणतात तसा लाडावलेला)
श्रावण

ता. क. बाईले अमरावतीच्या हॉटेलात करमत नाही. माणसांचं घर पाहिजे म्हणतात. तुमची वरची खोली रिकामीच आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

दुसरा ता. क. हे पत्र टपालानं आलं नाही, हे ध्यानात आलंच असंन. ज्या उंच बाईनं ते तुमच्या हातात दिलं अन् ज्या इतका वेळ दारात हसत उभ्या आहेत, त्याच सेवगी बाई. महिनाभर राहतील. पहिले त्याइले आत घ्या.

शेवटचा ता. क. त्याइच्या मागं गाठोडं घेऊन उभी आहे ती चतुराबाई. दुभाषी म्हणून आली आहे. तुर्की तिले येत नाही. पण आतापर्यंत दोघींचं कशावरच वाकडं आलं नाही, म्हणून मी मधात बोललो नाही.