राहायचं राहून गेलेलं घर

मी, चांगुणाबाई भ्रतार संपतराव नरोटे, वय अंदाजे चौसष्ट, धंदा शेती व मेंढीपालन, राहणार पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली, लिहवून ठेवते की, डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. वैताग मात्र पुष्कळ आहे, तोही लिहावा.

कलम १. माझ्या नावच्या जागेवर १९९६ साली सिमेंटचं घर बांधलं. मालक, म्हणजे संपतराव, म्हणाले, आपल्या पोराच्या, बजरंगच्या लग्नात उघडू. लग्न झाल्यावर म्हणाले, लेकरं मोठी होऊ द्या, भिंती मळतील. आम्ही शेजारी मेंढरांच्या गोठ्यात राहिलो. अंथरुणावर छप्पर गळायचं आणि कोरडं घर कुलपात. मालकांना शेवटचा ताप आला तेव्हा मी म्हणाले, "आत नेऊन निजवते." ते म्हणाले, "बरा झाल्यावर जाऊ. असल्या अंगानं काहून जायचं?" गोठ्यातच गेले. तो राग अजून उतरला नाही.

तेराव्यानंतर मी आत राहायला गेले. बजरंग म्हणाला, माझ्या पोरीच्या लग्नापर्यंत तरी नवं राहू दे. पोरगी पाच वर्षांची आहे. त्याहून चीड स्वतःची आली. फरशीवर बसवेना, पदराने पुसत राहिले. घरात कोणी नव्हतं, तरी 'मळेल, मळेल' ऐकू येत होतं. तो आवाज मालकांचा नव्हता, माझाच होता. आता तो उठला की ओळखते आणि तिथंच बसून राहते. अजून रोज उठतो.

सबब हे घर माझी मुलगी सत्यशीला हिला. ती आली त्या दिवशी न विचारता चूल पेटवली, भिंत काळी केली आणि मला ताजी भाकर वाढली.

कलम २. शेत, मेंढरं व लोकरीची कात्री मुलगा बजरंग याला. मेंढरू भुकेलं की आत्ताच चारावं लागतं. त्यांच्यामागं फिरून उमजलं तर बरं.

कलम ३. ट्रंकेतलं घडीचं लुगडं वारसांनी शोधू नये. ते मी नेसून बसले आहे.

कलम ४. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, असं लिहिणारे शिवहारराव सांगतात. मला मान्य नाही. बजरंगनं भांडायचं तर मला ऐकू येतंय तोवर भांडावं. हा कागद आजच, जेवणं झाल्यावर, ओसरीवर मोठ्याने वाचावा.

वाचनानंतर जोडलेला मजकूर: बजरंगनं सगळं ऐकलं. "मंग बोलू," म्हणाला आणि मेंढरांकडं गेला. मी ओसरीवर बसलेलीच आहे.

वाचून दाखवलं, बराबर आहे.

चांगुणाबाई नरोटे, डाव्या अंगठ्याची निशाणी
साक्षीदार: माणिकराव गडदे (सही), जिवनबाई राठोड (निशाणी)
लिहिणार: शिवहार महाजन
पुसेगाव, १४ मार्च २००३