गव्हाणीचा डावा कान

शिरोली,
१३ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि. परवा सकाळी आपल्या घरी पावणं आलतं, गव्हाणी घुबड! पोटमाळ्याच्या झरोक्याला जाळी हाय, तिच्यात अडकून उलटं लोंबत होतं. त्याची फडफड मला कुठली ऐकू येणार? एकतीस वर्षं फौंड्रीत कान घालवलेत. शेजारच्या धोंडुबाई दार बडवून दमल्या, मग खिडकीतनं तांब्याभर पाणी माझ्या अंगावर मारलं. त्यांचं म्हणणं, घुबड दारात म्हंजे वंगाळ, हात लावू नका. मी म्हटलं, आधी सोडवू, वंगाळ काय ते मागनं बघू.

कात्रीनं दोरे कापले, टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं. वनखात्याला फोन मात्र धोंडुबाईंनीच लावला. त्यांची माणसं घुबडाला उपचार केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर संयोगिता मला सगळं कागदावर लिहून दाखवतात. पंख शाबूत हाय, पण डाव्या बाजूला खोल कापलंय आणि कानात रक्त गोठलंय. मला तर घुबडाला कान असतोय हेच ठाऊक न्हवतं. त्याचं तोंड मधोमध चिरलेल्या सफरचंदासारखं. त्यात कान कुठं? तू जनावरांची डॉक्टर, तेवढं लिव.

मी रोज केंद्रात जाऊन बसतो. माया हाय तशी राहू दे.
तुझे आण्णा


नागपूर,
१८ जानेवारी २०२५

ती. आण्णांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र वाचून हसू आलं. लहानपणी मी प्रश्न विचारून तुमचं डोकं खायचे, आता तुमची पाळी!

घुबडाचे कान डोळ्यांच्या मागे, पिसांआड असतात. गंमत म्हणजे गव्हाणीचे दोन्ही कान एका रेषेत नसतात. डावा थोडा वर असतो, पण त्याचा रोख खाली. जमिनीवरचा आवाज त्याला जास्त ऐकू येतो. दोन कानांना ऐकू येण्यात जो फरक पडतो, त्यावरून ते काळोखात उंदीर कुठे आहे ते नेमकं ओळखतं. म्हणूनच काळजी वाटते. डावा कान गेला तर ते उडेल, पण पोट भरू शकणार नाही. मग त्याला सोडता येणार नाही, उभा जन्म पिंजऱ्यात काढावा लागेल.

एक विचारू? जाळी कसली आणि कोणी लावली, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

जेवण वेळेवर करा. लेकीवर लोभ आहेच, तो वाढू द्या.
आपली,
दीक्षा


शिरोली,
२५ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
आशीर्वाद आणि जयभीम. जाळी मीच लावलती. कबुतरं घाण करत होती म्हणून मासे धरायची नायलॉनची जाळी आणून ठोकली. पहिल्या पत्रात लिवायचा धीर झाला न्हाय. तू चिडशील म्हणून न्हवं, तू काहीच बोलणार न्हाईस म्हणून. आता काढून टाकलीया.

परवा घुबडाची परीक्षा झाली. बंद खोलीत उसाचा वाळका पाला पसरला, दिवा मालवला आणि उंदीर सोडला. आम्ही बाहेर, अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होतो. घुबडानं झेप टाकली ती वीतभर लांब. काल परत तेच. संयोगिताबाईंनी पेन खाली ठेवला. मग पुन्हा उचलून लिहिलं की अजून पंधरा दिवस बघू, कानातली गाठ विरघळतीया. त्यात न्हाय जमलं तर पिंजरा.

धोंडुबाई आता रोज सांजच्याला विचारतात, आपलं घुबड जेवलं काय? मला झोप लागंना.
तुझे आण्णा


नागपूर,
३० जानेवारी २०२५

ती. आण्णांस,
सप्रेम जयभीम. मी चिडले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जखमी बगळ्याच्या चोचीत मी घाईघाईनं पाणी ओतलं. ते श्वासनळीत गेलं आणि तो माझ्या हातातच गेला. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता एक काम करा. झेप घेण्याआधी ते मान कशी करतं, ते बघा. नुसतं समोर बघतं, की मान तिरकी करून, वरखाली करून अदमास घेतं? घेत असेल तर दोन्ही कानांनी ऐकायची त्याची खटपट चालू आहे. लगेच कळवा, मलाही राहवत नाही.
आपली,
दीक्षा


शिरोली,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षास,
आशीर्वाद आणि जयभीम. मान तिरकी करत होतं की! हरवलेली वस्तू कुठं ठेवली ते आठवत बसावं, तशी. पाचव्या खेपेला पाला हलला, घुबड थांबलं, मान डावीकडं कलली आणि झेप थेट उंदरावर. त्यानंतर सलग सहा वेळा चुकलं न्हाय.

शुक्रवारी सांजच्याला घरामागच्या शेताच्या बांधावर सोडलं. वीसेक माणसं जमलती. खोकं उघडलं तरी बराच वेळ हाललं न्हाय, आमच्याकडंच टकामका बघत बसलं. मग एकदम उठलं आणि माझ्या डोक्यावरनं गेलं. वारा कपाळाला लागला. माणसं कान देऊन उभी होती. मी धोंडुबाईंकडं बघितलं, तर त्यांनी हात हलवून सांगितलं, काहीच आवाज न्हाय. संयोगिताबाईंनी लिहून दाखवलं, गव्हाणीची पिसं इतकी मऊ असतात की उडताना आवाजच होत न्हाय.

म्हंजे बघ दीक्षा, एवढी माणसं होती, पण त्या घडीला सगळ्यांना माझ्याएवढंच ऐकू आलं.

तब्येतीला जप. पत्र धाड, तोवर इकडची माया पोचली समज.
तुझे आण्णा