छतावरच्या सळया

सोमवार, ४ मार्च

नवी इंजिनियर आली. झिफा. इथल्या, हो शहरातल्या दवाखान्याचं काम म्हणे आधी कॉम्प्युटरवर बांधायचं, मग जमिनीवर! मी गवंडी, कॉलेजची पायरी चढलो नाही. सगळ्या इमारती डोक्यात बांधून खाली उतरवल्या, एक भिंत रेघभर हलली नाही. मला काय दाखवणार?

मंगळवार, ५ मार्च

पाहिलं. अंगावर काटा आला.

पडद्यावर अख्खा दवाखाना! भिंत बाजूला सारली की आतले पाइप, वायरी, तुळईतल्या सळयासुद्धा. फिरवावं तसा फिरतो. एके जागी लाल झालं — सांडपाण्याचा पाइप थेट तुळईतून! दोन नकाशे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकमेकांवर ठेवून कोणी बघितलेच नव्हते. मीही नाही. स्लॅब शनिवारी, नेहमीसारखं नंतर छिन्नी घेऊन फोडत बसलो असतो.

‘मास्टर, तोंड मिटा, माशी जाईल,’ झिफा म्हणाली. दुसरं कोणी असतं तर सुनावलं असतं.

बुधवार, ६ मार्च

आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. आईच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. मक्याच्या पिठाचं गरम आक्प्ले वाढता वाढता तिचं सुरू — ‘माझ्या घरी कधी नेतोस? का शवपेटीतूनच नेणार? शेजारच्या आग्बेकोच्या पोरांनी बापाचं घर त्याच्या प्रेतासाठी रंगवलं. जिवंतपणी बिचारा गळक्या खोलीत!’

तिच्यासाठी बांधतोय त्या घराचा खालचा मजला कधीचा तयार आहे. पण तिची खोली वर — वारा, समोर आदाक्लूचा डोंगर. म्हणून तर छतावर खांबांच्या सळया उभ्या सोडल्यात. इथं सगळेच सोडतात, हातात पैसा आला की वर मजला चढवायचा. अर्ध्या घरात आईला मी नेणार नाही!

शुक्रवार, ८ मार्च

झिफाला माझ्या घराची मापं दिली. रेघन्‌रेघ. ‘एवढी बारीक मापं मला सरकारी कामातही मिळत नाहीत,’ म्हणाली. मिळणार कशी!

शनिवार, ९ मार्च

पाइप वळवून स्लॅब भरला. छिन्नी पेटीतच.

रविवार, १० मार्च

चर्चनंतर झिफा लॅपटॉप घेऊन आईकडे आली. पडद्यावर माझं घर — पुरं! वरचा मजला, रंग, खिडकीत डोंगर. इतकी वर्षं हे फक्त माझ्या डोक्यात होतं.

आई पडद्याकडे वाकली. मग — ‘ह्या पायऱ्या कसल्या?’

‘वर जायला. तुझी खोली वर आहे, आई.’

‘म्हणजे त्या सळया माझ्यासाठी? अरे डोत्से, मला चर्चच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत!’

‘नकाशा दाखवला होता तुला.’

‘त्या रेघांतलं मला काय कळतं? तू इतका खुशीत होतास, मी मान डोलावली.’

मग तिनं खालच्या ओट्यावर बोट टेकवलं. ‘इथं. माझी खुर्ची इथं.’ झिफानं पडद्यावर तिथं खुर्ची ठेवली. आई बघत राहिली. मी आईकडे.

मंगळवार, १२ मार्च

सळया कापल्या. शेवटच्या खांबाशी हात थांबला.

‘एकही ठेवू नकोस!’ खालून, ओट्यावरच्या खुर्चीतून, आई ओरडली.