खिशातलं पत्र

३ मार्च, सोमवार

वरून आदेश आला. ताईंना कामावरून कमी करायचं. पुढच्या सोमवारी. सांगायचं मी, कारण मॅनेजर मी.

ताई म्हणजे आमच्या लिफ्ट कंपनीच्या मदतकक्षातल्या ऑपरेटर. शहरात आमची लिफ्ट कुठेही अडकली की आतला माणूस बेल दाबतो आणि फोन ताईंकडे येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या त्याच्याशी बोलत राहतात. बावीस वर्षं हेच काम. निवृत्तीला दोन वर्षं बाकी. आता ते मशीन करणार.

मी शांत आहे. तयारी नसली की माणसं गडबडतात. गेल्या वर्षी स्टोअरकीपरला मी जिन्यात उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगून टाकलं, त्यावरून एचआरच्या बाईंनी मला बरंच सुनावलं होतं. त्याचं जॅकेट अजून माझ्या केबिनच्या दारामागे लटकतंय. न्यायला आलाच नाही. मी त्या बाजूला पाठ करून बसतो. उजेड चांगला येतो.

या वेळी बाईंकडून यादीच मागून घेतली. नऊ मुद्दे. एकही सुटणार नाही.

४ मार्च

पत्र तयार. एक पान, चार परिच्छेद, ‘खेद’ दोनदा. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

जेवणाच्या सुट्टीत छोट्या मीटिंग रूममध्ये रिकाम्या खुर्चीसमोर सराव. पहिल्याच वाक्याला खुर्ची मागे सरकली. चाकं आहेत तिला, आणि फरशीला उतार असणार. बाकीचा सराव दाराजवळ उभं राहून केला. आवाज तिथून जास्त ठाम येतो.

५ मार्च

मुद्दा चौथा : कर्मचाऱ्याचं काम नीट समजून घ्या. तासभर मदतकक्षात बसलो.

एक म्हातारे गृहस्थ अडकले होते. धाप लागलेली, ओरडत होते. ताई म्हणाल्या, “दादा, मी आहे इथे. खिशात एखादा कागद आहे का? कसलाही चालेल. मोठ्याने वाचा.” त्यांनी चष्म्याच्या दुकानाची पावती वाचायला घेतली. “छान. पुढे वाचा,” ताई म्हणत राहिल्या. पावतीच्या मागच्या अटींपर्यंत पोचले तेव्हा आवाज अगदी बँकेत बोलतात तसा झाला होता. मोठ्याने वाचणाऱ्याचा श्वास आपोआप ताळ्यावर येतो, असं ताईंचं म्हणणं. कोणी शिकवलं नाही, त्यांनीच शोधून काढलंय.

निघताना दोन गोष्टी बोलल्या. एक, आपल्याच ऑफिसची दोन नंबरची लिफ्ट सहाव्या मजल्यावर धक्का देते, तक्रार तिसऱ्यांदा लिहिली आहे. पुढच्या आठवड्यात बघतो म्हणालो. दुसरं, गेल्या महिन्यात मी त्यांच्या आवाजात साठ वाक्यं रेकॉर्ड करून घेतली, ती नव्या लोकांना शिकवायला उपयोगी पडली का? पडताहेत म्हणालो. यात खोटं काही नाही. मशीन नवीनच आहे.

७ मार्च, सकाळी

बायको म्हणते, मी झोपेत “हो, वाचतो, वाचतो” म्हणत होतो. पित्त असणार. चहा बंद.

दाढी करताना नळातून स्पष्ट ऐकू आलं : मी आहे इथे. नळ बंद केला तरी आलं. प्लंबरला सांगायला हवं.

संध्याकाळी

शेवटचा सराव मुलीसमोर. तिला ताई व्हायला सांगितलं. मी दीड मिनिटात सगळं बोललो, एकदाही अडखळलो नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, पण आता त्यांनी काय करायचं?”

नऊ मुद्द्यांत हा प्रश्न नाही. असले प्रश्न ताई विचारणार नाहीत. सराव समाधानकारक. जेवलो नाही, पित्तच.

१० मार्च, सकाळी ९.४०

कोट, पत्र, पाण्याची बाटली, टिश्यूचा बॉक्स. एचआरच्या बाई पहिल्या मजल्यावर साक्षीदार म्हणून हजर. दहाला मीटिंग. जॅकेटकडे पाठ न करता केबिनबाहेर पडतो आहे. पूर्ण तयारी.

दुपारी

दोन नंबरची लिफ्ट. सहाव्याच्या खाली धक्का, मग अंधार.

मी घाबरलो नाही. बेल दाबली, कारण नियम आहे. बहुतेक बरेचदा दाबली. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं होतं, पण ते हवेमुळे.

“दादा, मी आहे इथे,” ताई म्हणाल्या. “खिशात एखादा कागद आहे का? मोठ्याने वाचा.”

मी कागद काढला, मोबाइलचा उजेड पाडला आणि वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीत ताईंचं नाव आलं, तेव्हा कळलं काय वाचतोय. थांबलो. लगेच श्वास अडकला. भिंती जवळ आल्या.

“थांबू नका. पुढे वाचा.”

वाचलं. दोन्ही खेद वाचले. सही वाचली, हुद्दा वाचला. प्रत्येक परिच्छेदानंतर ताई “छान” म्हणत होत्या, त्याच आवाजात. शेवटी श्वास खरंच ताळ्यावर आला होता.

मेकॅनिकने दार उघडलं. मागून स्पीकर म्हणाला, “मजला चार बोटं वर आहे. पाऊल जपून टाका, साहेब.”

म्हणजे त्यांनी मला ओळखलं होतं, बहुतेक पहिल्यापासूनच.

११ मार्च

नीट विचार केला तर मीटिंग यशस्वी. जागा खाजगी होती. वाद झाला नाही. पत्र शब्दशः वाचून दाखवलं. अकरा मिनिटं, म्हणजे मर्यादेत. मदतकक्षातले तिघे साक्षीदार, शिवाय रेकॉर्डिंग. नऊपैकी आठ मुद्दे पूर्ण. फक्त टिश्यू लागले ते मला.

मदतकक्षात गेलो. ताईंची खुर्ची रिकामी. हेडफोनची वायर नीट गुंडाळलेली. नोंदवहीत शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात : ‘ऑफिस, लिफ्ट दोन. पुरुष, एकटा, फार घाबरलेला. पत्र वाचून घेतलं. पत्र मिळालं. माणूस सुखरूप.’

फार घाबरलेला हे जरा जास्त होतं. खोडायला पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं.

२४ मार्च

मशीन सुरू. पहिली चाचणी दोन नंबरच्या लिफ्टमध्ये, माझ्या हस्ते. लिफ्ट दुरुस्त झाली आहे, तरी दार बंद झाल्यावर घाम फुटला. बेल दाबली.

“दादा, मी आहे इथे,” ताईंचा आवाज. तोच. “खिशात एखादा कागद आहे का? मोठ्याने वाचा.”

खिशात ड्रायक्लीनिंगची पावती होती. वाचली. छान, पुढे वाचा. पावतीच्या मागच्या अटी वाचल्या. छान, पुढे वाचा. दुकानाचा फोन नंबर, साप्ताहिक सुट्टीचा वार. छान, पुढे वाचा. मग मी पत्रच म्हणायला लागलो. ते पाठ आहे. दोन्ही खेदांपर्यंत गेलो, सही, हुद्दा. संपलं म्हणालो. ताई, संपलं. चुकलं माझं.

“छान,” मशीन म्हणालं. “पुढे वाचा.”

चाचणी यशस्वी, असा शेरा दिला. उद्यापासून जिना. नऊच तर मजले आहेत, आणि व्यायाम हवाच होता.