माझ्या रक्ताचं माप

४ मार्च
आज लॅबमध्ये रुजू झाले. जागा टीचभर, पण ऊन थेट टेबलावर येतं. मी एकदम खूश. डॉक्टरबाईंनी इथली पद्धत सांगितली. रोज सकाळी आधी स्वतःचं रक्त मशीनला द्यायचं. माझं हिमोग्लोबिन चौदा आलं. उद्यापासून कमी दाखवलं तर चूक मशीनची; बटण फिरवून चौदावर आणायचं, मगच पेशंट. म्हटलं, म्हणजे मीच इथली फूटपट्टी! बाई हसल्या.

१९ मार्च
घड्याळं दुरुस्त करणारे काका दर आठवड्याला येतात. त्यांच्या हृदयाची झडप अरुंद झालीय आणि त्यापायी आतड्यातून रक्त झिरपतं. डोळ्यांना दिसत नाही, आकड्यालाच कळतं. दहाच्या खाली गेलं की लगेच भरती व्हायचं, असं त्यांना बजावलंय. आज अकरा. काका म्हणाले, पोरी, तुझ्या हाताला गुण आहे. मशीन मात्र कुरकुरतं. सकाळी तेरा दाखवत होतं. जुळवलं.

७ मे
पुन्हा कमी. जुळवलं. काका पायरीवरच बसले, ओठ पांढरेफटक. आकडा अकराच. वयानं होतं, म्हणून मीच धीर दिला. जिना चढताना हल्ली मलाही धाप लागते. बसून बसून अंग जड झालंय, दुसरं काय.

१५ जून
बटण शेवटच्या खुणेला टेकलं. बाईंना सांगायला हवं. पण नवी नोकरी, रडगाणं कशाला?

१८ जून
काका दुकानात कोसळले. मोठ्या दवाखान्यात मोजलं, साडेपाच. माझ्या कालच्या कागदावर अकरा. त्यांची मुलगी तो कागद धरून दारात उभी होती. मला मान वर करवेना.

१९ जून
कारागिरानं मशीन उघडलं. दोष नाही म्हणाला. कधीच नव्हता. बटण मूळ जागी नेऊन माझं रक्त दिलं.
सहा.

२० जून
काका गेले. मी मारलं त्यांना.
बाईंनी माझ्या छातीला नळी लावली. बराच वेळ. काकांसारखाच झडपेचा आवाज, म्हणाल्या. शौचाला काळं होतंय का, आतून रक्त गेलं की होतं तसं? होतंय— किती दिवस, आठवत नाही—
साडेतीन महिन्यांचे सगळे कागद खोटे. अर्ध्या यादीला बाई फोन करतायत, अर्ध्या यादीला मी.

२१ जून
भरती हो म्हणून बाई ओरडतायत. खाली गाडी आलीय. अक्षरं पोहतायत—
एक पेशंट कळवायची राहिली. दिवस भरलेले, आज-उद्या बाळंत होईल. घाईत होती, कागद हातानंच लिहून दिला, बारा— रजिस्टरमध्ये नोंद नाही. खरे पाच-सहाच असणार. थोडं रक्त गेलं तरी ती—
कुणालाच माहीत नाही, मला एकटीला— बाई, इथं लिहून ठेवते, तिचं नाव