यादीबाहेरचा डॉक्टर

प्रिय वेंडेल,

बर्निसवर ओरडू नकोस. तुझी नर्स असली तरी ती माझी मावसबहीण आहे, आणि रविवारी चर्चच्या जेवणात तिच्या पोटातलं काढून घ्यायला मला पीचच्या पाईचा एक तुकडा पुरला. विमा कंपनीचा करार येऊन पडलाय आणि तू तो सही न करता खणात कोंबलायस, हे तिनंच सांगितलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. फोनवर तू मला धड बोलू देणार नाहीस, म्हणून हे पत्र.

माझा ऑर्व्हल राबतो त्या कोंबड्यांच्या कारखान्यानं कामगारांचा विमा बदलला तो सोमवार आठव. नव्या कंपनीच्या यादीत तुझं नाव नव्हतं आणि एका सकाळीत अर्ध्या गावाचा डॉक्टर परका झाला. तुझ्याकडे यायचं तर सगळा खर्च आपल्या खिशातून, आणि यादीतला दवाखाना साठ मैलांवर शहरात. तू म्हणालास, "नेडीन, मागच्या दारानं ये गं. तुझ्याकडे पैसे मागतंय कोण?" मी आले नाही. फुकटचं घ्यायची आमच्या घरात रीत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. उलट वाण्याच्या दुकानात तू दिसलास की मी डबाबंद भाज्यांच्या रांगेत वळायचे. एकदा तिथे पाहिलं तर तुझे आणखी तिघं पेशंट आधीच लपलेले. आम्ही हसलो, पण मला घरी येऊन रडू आलं.

मग तू पेटलास. जो डॉक्टर कंपनीच्या अटी मानायला तयार असेल त्याला कंपनीनं यादीत घेतलंच पाहिजे, असा कायदा हवा म्हणून आपण चर्चची बस भरून राजधानीला, लिटल रॉकला गेलो. कंपनीचा तो गुळगुळीत दाढी केलेला माणूस आमदारांना सांगत होता की सगळ्यांनाच आत घेतलं तर हप्ते वाढतील. तो अगदीच खोटं बोलत नव्हता, ऑर्व्हलचा हप्ता खरंच कमी झाला होता. पण तू तुझा तो एकुलता एक टाय लावून उभा राहिलास आणि म्हणालास, "मला मेहेरबानी नको. दार बंद करू नका, एवढंच." मला तुझा इतका अभिमान वाटला की मी ऑर्व्हलचा हात घट्ट धरला. कायदा झाला. कंपनी कोर्टात गेली आणि कायदा वर्षानुवर्षं तिथंच अडकून पडला.

त्या वर्षांत मी शहरात जात राहिले. डॉक्टर पोरं वाईट नाहीत तिथली, पण टिकत नाहीत. दर खेपेला नवा चेहरा आणि तेच प्रश्न. बाळंतपणं किती? तीन. मुलं किती? दोन. मग तो मान वर करतो, आणि कागदी झगा घालून बसलेली मी पुन्हा डेलची गोष्ट सांगते. रस्त्यावर बर्फाची लादी जमली होती, ऑर्व्हल तुला ट्रॅक्टरवरून घेऊन आला, आणि बाळ सकाळपर्यंतच राहिलं. तो मुलगा "सॉरी, मॅडम" म्हणतो आणि लिहून घेतो. एवढ्याशा डेलला तू स्वतःच्या कोटात गुंडाळून शेगडीपाशी बसला होतास, हे त्या लिहिण्यात कुठे येत नाही. तुझ्यापाशी मला यातलं काहीच कधी बोलावं लागलं नाही. तू खांद्यावर हात ठेवून नुसतं विचारायचास, "झोप लागते का गं?"

आता कोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला आणि तू बर्निसला काय म्हणतोस? "कंपनीतल्या कुठल्याशा पोरीला फोन करून विचारू, की माझ्या पेशंटला हॉस्पिटलात खाट देऊ का? मी दार उघडा म्हणालो होतो, आत येतो म्हणालो नव्हतो." वा रे बहाद्दर! तुझं म्हणणं चूक नाही. फी कमी देतील, परवानग्या मागायला लावतील, तुझ्या नाकाला ते झोंबेल. पण कायदा फक्त तयार असणाऱ्याला आत घेतो, वेंडेल, आणि तयार तुझं तुलाच व्हावं लागेल.

आता खरं सांगते. गेल्या महिन्यात शहरातला नवा डॉक्टर स्टूल ओढून माझ्याजवळ बसला. डॉक्टर असे जवळ बसले की समजून जायचं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेलाय, कापण्यासारखं काही उरलेलं नाही. ऑर्व्हलला माहीत आहे. तो तुझ्याकडे यायला निघाला होता, मीच अडवलं. मला घरीच राहायचंय, खिडकीपाशी. दुखणं थांबवायची औषधं आणि घरी येणारी नर्स यांचा खर्च कंपनी देईल, पण यादीतल्या डॉक्टरानं लिहून दिलं तरच. शहरातला मुलगा सगळं फोनवरून करीन म्हणतो, चांगला आहे बिचारा. पण मला भीती वाटते, वेंडेल. मरायची आहेच, पण त्याहून जास्त याची, की शेवटी उशाशी बसलेल्या माणसालाही मला डेल कोण ते सांगावं लागेल. म्हणून तो करार खणातून काढ, सही कर, आणि बॅग घेऊन ये. पुढच्या दारानं ये. आणि आलास की मला नुसतं विचार, झोप लागते का.

तुझीच,
नेडीन